डासांना वार लावून दिले

२४ जून १९४३

क्विनीन नाही! कॅम्पात नाही, खडेबाजारात नाही, गणपत गल्लीत तर दुकानदार हसलाच. "मास्तर, जावा बेट जपान्यानं घेतलं, आता क्विनीन कुठलं? होतं ते सगळं पलटणीबरोबर बर्माच्या जंगलात गेलं." म्हणजे लढाई तिकडं आणि हिवताप टिळकवाडीत.

संध्याकाळी डॉक्टर येऊन अंबूचं पोट दाबून गेले. पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढली आहे. गेल्या साली तीनदा हुडहुडी भरली होती. मला फाटकापर्यंत नेऊन हळूच म्हणाले, "यंदा एकदा जरी ताप आला ना मास्तर, तरी वहिनींच्या अंगाला तो झेपणार नाही. डास चावू देऊ नका." जसं काही डास माझ्या हाताखालचे पॉइंट्समन आहेत!

आत आलो तर अंबू वाती वळत बसलेली. म्हणाली, "चहा न घेताच गेले की हो!" एवढंच.

२५ जून

मच्छरदाणी एकच. माझ्या जुन्या धोतराची ठिगळं लावलेली. नवी मिळत नाही, कापडावर कंट्रोल. तरी रात्रीचं तीत भागतं. खरी अडचण दिवेलागणीची. ही तुळशीपाशी दिवा लावणार आणि मग ओसरीवर बसणार, चांगला अंधार होईपर्यंत. डासांची जेवणाची वेळ नेमकी तीच. आत बस म्हटलं तर, "आत बसायला मी काय लोणच्याची बरणी आहे?"

मला स्वतःला कधी ताप आला नाही. लोंढा, तिनईघाट, कॅसलरॉक — सगळी डासांची माहेरघरं, मी तिथं स्टेशनमास्तर म्हणून नोकरी केली. चाळणी झाली अंगाची, पण हुडहुडी नाही. अंबू बेळगावात राहून पडते आणि मी जंगलात राहून ठणठणीत! देवाच्या घरचं टाइमटेबल मला कधी कळलं नाही.

२८ जून

अंबूला निपाणीला तिच्या भावाकडे पाठवली. परशरामचं घर तंबाखूच्या वखारीमागं. तो म्हणतो तिथं डास फिरकत नाहीत. कोळशावर चालणाऱ्या मोटारीत बसवून दिली. मोटार चढावर थांबली की क्लीनर उतरून भट्टीत कोळसे ढोसतो. चार महिने तिकडंच राहा म्हणून सांगितलं. खिडकीतून हात तेवढा केला.

घर मोठं वाटतंय.

१ जुलै

परत आली! परशराम स्वतः घेऊन आला. डास नाहीत हे खरं. पण तंबाखूच्या धुळीनं बाईनं शिंकून शिंकून घर डोक्यावर घेतलं. परशराम म्हणतो, "दाजी, आक्का शिंकली की वखारीतला हमाल दचकून पोतं खाली टाकतोय. मालक मला बोलायला लागले." अंबूचं नाक टोमॅटोसारखं झालं होतं. म्हणाली, "काय व्हायचं ते माझ्या ओसरीवर होऊ दे."

असलं बोललेलं मला खपत नाही. ताट सरकवून उठलो. मग भूक लागली म्हणून परत बसलो.

५ जुलै

सापडलं! वाचनालयात कपाटामागं पडलेलं इंग्रजी पुस्तक. वाळवीनं अर्धं खाल्लं आहे, पण कामाची पानं शाबूत. एका सुवासिक गवताचं वाफेवर तेल काढून अंगाला लावलं, घरात शिंपडलं, की डास जवळ येत नाहीत. चित्रही आहे. हा तर आमचा गवती चहा, पाती चहा!

उचगावची मालुबाई रोज सकाळी भाजी घेऊन येते. तिला विचारलं. म्हणाली, "बांधावर रग्गड हाय की. किती आणू?"

"डोकीवर मावेल एवढा भारा आण. रोज."

"रोज? आगं बया! एवढं पडसं कुणाला झालंय, मास्तर?"

८ जुलै

परसात तीन दगडांची चूल मांडली. अंबूच्या लग्नातला तांब्याचा हंडा घेतला. (तिला विचारलं नाही.) झाकणाला भोक पाडून बंबाची जुनी नळी बसवली, नळी घंगाळातल्या गार पाण्यातून काढली. खाली बाटली. झाकणाच्या कडेनं वाफ जाऊ नये म्हणून कणीक थापली.

अंबूनं पाहिलं. "माणसांना रेशनवर गहू मिळेना आणि हंड्याला पोळ्या?"

जाळ जरा जास्त झाला. झाकण उडालं, ते मारुतीरावांच्या कौलांवर! दोन कौलं फुटली. मारुतीराव शेजारचे, कोर्टातले शिरस्तेदार होते, आता माझ्यासारखेच पेन्शनीत. पण माणूस अजून कोर्टातच असल्यासारखा बोलतो. कुंपणापाशी येऊन म्हणाले, "मास्तर, सदरहू झाकण आपलंच ना?"

मी म्हटलं, नाही, जपानी विमानातून पडलं असेल.

१० जुलै

तेल निघालं! कणकेऐवजी चिखल थापला, जाळ मंद ठेवला. दुपारपर्यंत बाटलीत पाणी आणि पाण्यावर पिवळसर थर. कोंबडीच्या पिसानं हळूच टिपून घेतला. सगळा भारा उकळून एक चमचा तेल. पण वास काय! परस, घर, ओसरी, सगळं दरवळलं.

मोठ्या उत्साहानं अंबूला हाक मारली. दारात आली. नाकाला पदर लावून उभी राहिली. हंड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. वळली आणि मागच्या फाटकातून मारुतीरावांच्या शालूबाईंकडे निघून गेली, ती अंधार पडल्यावर आली.

नाटकं! हंडा न विचारता घेतला म्हणून असणार.

११ जुलै

प्रयोग. डाव्या हाताला तेल, उजवा कोरडा. ओसरीवर दोन्ही हात पसरून बसलो. उजवा हात गांधीलमाशी चावल्यासारखा सुजला, डाव्यावर एक डास बसला नाही! एक आला होता, कोपराजवळून परत फिरला. सिग्नल पडल्यावर गाडी उभी राहावी तसा!

अंबूला म्हटलं, हाताला लाव. "मला तो वास नको." का नको? "नको म्हणजे नको."

१५ जुलै

तिच्या खोबरेल तेलाच्या बाटलीत दोन थेंब घातले. दोनच! तिनं बूच काढलं आणि तिथंच थबकली. बाटली तशीच्या तशी मोरीत ओतली. खोबरेल काय भाव चाललंय! मी रागावलो. मग बघतो तर ती राखेनं हात घासत बसली होती. मी पाणी ओतत राहिलो.

ठीक आहे. अंगाला नको तर नको. घराला लावतो.

१९ जुलै

घर डासमुक्त! चौकटी, खिडक्या, ओसरीचे खांब, सगळीकडे पिसानं तेल फिरवलं. दिवेलागणीला ओसरीवर एक डास नाही. आणि अंबूही नाही. आता ती रोज संध्याकाळी शालूबाईंच्या ओसरीवर जाऊन बसते.

मी एकटा, निर्मळ ओसरीवर, शास्त्राच्या विजयात बसलोय.

२० जुलै

मारुतीराव आले. "मास्तर, तुमचे डास आमच्याकडे आलेत."

"आमचे कशावरून?"

"परवापर्यंत नव्हते, आता आहेत. कुंपणावरून येताना मी स्वतः पाहिलेत. शिवाय तुमच्या मंडळीही त्यांच्याबरोबरच आल्यात."

डास तिथं, अंबू तिथं! मी घर राखलं ते कुणासाठी? या सगळ्यात मला एवढंच हवं होतं की त्या बाईला डास चावू नये, आणि मी डास आणि बाई दोघांनाही एकाच घरी पाठवून बसलो.

मारुतीरावांना तेल द्यावं लागणार. मारुतीरावांना! दोन कौलांसाठी बारा दिवस सुनावतो आहे तो माणूस. पण अंबूची संध्याकाळ तिथं जाते. दिलं. वर ते कसं लावायचं हेही जाऊन दाखवलं. शिडी मी धरली.

२३ जुलै

आता मारुतीरावांच्याही घराला वास. अंबू पुढच्या घरी, हरिभाऊ वकिलांकडे बसायला लागली. डासही.

२४ जुलै

हरिभाऊंना तेल दिलं.

३० जुलै

ओळीत सात घरं. सहा घरांना तेल झालं. रोज परसात हंडा. मालुबाईच्या बांधावरची पाती संपली, आता तिच्या जावेच्या बांधावरची चालू आहे. मी तिला सगळं सांगितलं — डास कसे घराघरानं पुढं सरकताहेत. भारा टाकून कंबरेवर हात ठेवून ऐकत होती. म्हणाली, "मंग नवं काय त्यात? आमच्यात पटकी आली की मरीआयचा गाडा वढत न्हेऊन दुसऱ्या गावच्या शिवंवर सोडत्यात. त्ये गाव फुडच्या गावाला सोडतंय."

मी म्हटलं, तो अडाणीपणा, हे शास्त्र.

"व्हय की. गाड्याला बैल लागत्यात. तुमचं बिनबैलाचं," म्हणाली, आणि चुंबळ घेऊन गेली.

शेवटचं घर विद्युल्लताबाईंचं. मुलींच्या शाळेत शिकवतात, म्हाताऱ्या आईला घेऊन राहतात. त्यांच्यापलीकडे भाताची शेतं. अंबू आता तिथं जाते. तिला त्या मुलीचा लळा आहे. आमची कल्याणी असती तर एवढीच असती. इन्फ्लुएन्झाच्या साली, १९१८ला, गेली, सहा वर्षांची होती. मी लोंढ्याला होतो. रजा मिळून पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. अंबूनं त्याविषयी मला कधी काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

विद्युल्लताबाईंना तेलाची बाटली नेऊन दिली.

४ ऑगस्ट

चमत्कारिक झालं आहे. साती घरांना तेल. पलीकडे शेतं, तिथं चावायला माणूस नाही, अलीकडे रस्ता. डासांना जायला जागाच नाही! दिवेलागणीला सगळ्या ओळीचे डास भर रस्त्यात गोळा होऊन घोंघावतात. काल हरिभाऊंच्या पक्षकाराला सायकलवरून पाडलं.

आणि अंबू? रस्त्याकडेच्या दगडावर जाऊन बसते. बरोबर त्या घोळक्यात! मी छत्री उघडून तिच्यामागं उभा. "लोक बघतायत," म्हणते. मी म्हटलं, मग घरात चल. "वास." पुन्हा तेच.

८ ऑगस्ट, रविवार

हरिभाऊंच्या दिवाणखान्यात ओळीची सभा. विषय: डास.

मारुतीरावांचं म्हणणं, ज्यानं डास घराबाहेर काढले त्यानंच ते सांभाळावेत. मी म्हटलं, तेल फुकट घेताना हे सुचलं नाही? आवाज चढले. शालूबाईंनी मधेच कांदेपोहे आणले म्हणून बरं. पोस्टातला उपेंद्र नुकतंच लग्न झालेला, तो सारखा घड्याळ बघत होता.

शेवटी हरिभाऊ उभे राहिले. उपरणं नीट केलं. म्हणाले, "मी गरीब घरातला. शिकायला बेळगावात आलो तेव्हा या गावानं मला वार लावून दिले. सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या. कुणा एकावर भार पडला नाही आणि मी वकील झालो. डासांनाही तसेच वार लावून देऊ. ज्याचा वार, त्यानं त्या दिवशी तेल पुसायचं, खिडक्या उघड्या टाकायच्या. बाकी सहा घरं सुखात."

सात घरं, सात वार. काय चूक काढणार?

मारुतीराव म्हणाले, "आणि शिकून हे डास वकील झाले तर?"

पण ठराव झाला. सोमवार मारुतीराव. त्यांचा सोमवारी उपास असतो. हरिभाऊ म्हणाले, उपासाला दुसऱ्याला जेवू घालणं पुण्याचं. गुरुवार माझा. शुक्रवार उपेंद्र. शनिवार विद्युल्लताबाई, कारण सकाळची शाळा. रविवार खुद्द हरिभाऊ. मंगळवार-बुधवार उरलेल्या दोन घरांना.

येताना माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि मी रस्त्यातच उभा राहिलो. ज्या घराचा वार, त्या घराला वास नाही. म्हणजे अंबू त्याच घरी जाणार! डासांचे आणि माझ्या बायकोचे वार एकच!

१० ऑगस्ट

शालूबाई रडवेल्या. काल सोमवार, त्यांचा वार. चौकटी पुसल्या, खिडक्या उघडल्या, दोन कंदील लावले, ओसरीवर चटई टाकून नवरा-बायको हातपाय उघडे करून बसले. अंबूही होतीच, शाल गुंडाळून. आणि डास आलेच नाहीत! जे आले ते चार-दोन. "आमच्याकडंच का नाही आले हो? आमच्यात काय कमी आहे?" अंबूनं समजूत घातली, पहिला दिवस आहे, घर सापडलं नसेल.

आज मंगळवारच्या घरी मात्र भरपूर आले म्हणे. शालूबाईंनी ते ऐकलं आणि तिथल्या बाईशी बोलणंच सोडलं.

१२ ऑगस्ट, गुरुवार

आमचा वार. काल रात्रीच सगळ्या चौकटी राखेनं घासून काढल्या. वास गेला. अंबू आज कुठं गेली नाही. "घरी एवढे पाहुणे यायचे आणि मी बाहेर?" ओसरीवर आपल्या खांबाला टेकून बसली. महिना झाला असेल ती तिथं बसली नव्हती.

डॉक्टरांचे शब्द कानात. सदरा काढून टाकला आणि उघडाबंब तिच्यासमोर बसलो, कंदील मांडीपाशी घेऊन. आले! आले ते सगळे माझ्यावर. पाठ, खांदे, टक्कल, कुठं जागा ठेवली नाही. मी हललो नाही. रेल्वेत एवढी वर्षं काढली, लाल दिवा हातात धरून उभं राहायची सवय आहे.

तासाभरानं अंबू म्हणाली, "म्हशीसारखे बसलात काय? आणि मला एकही चावला नाही, बघा."

बघितलं. हात, पाय, मान. खरंच एकही नाही! डासांना मी आवडतो. तिच्यापेक्षा मी जास्त आवडतो! आयुष्यात एवढा आनंद बढतीच्या वेळीही झाला नव्हता.

१३ ऑगस्ट

उपेंद्रचा वार. अंबू गेली, मीही गेलो. त्याच्या ओसरीवर सदरा काढून बसलो. त्याची नवी बायको पाणी घेऊन आली, मला पाहिलं, तांब्या तिथंच ठेवून आत पळाली. उपेंद्र म्हणाला, "मास्तर, जरा अंगावर काहीतरी घ्या की." मी म्हटलं, घेतलं तर उपयोग नाही. त्यानं आपली शाल आणली. मी ती अंबूला दिली.

१४ ऑगस्ट

विद्युल्लताबाईंचा वार. घरात दोन बायका, तिथं उघडं कसं जायचं? म्हणून त्यांच्या कंपौंडच्या भिंतीवर बसलो, बाहेरून, उघडा. अंबू आत ओसरीवर, मधे मी. शहापूरचा एक ओळखीचा टांगेवाला थांबला. "मास्तर, घरातनं काढलं काय?" मी म्हटलं, ड्यूटीवर आहे. "कसली?" सांगितलं असतं तर पटलं असतं का?

विद्युल्लताबाई हसत होत्या. अंबूही हसत होती, पदर तोंडाला लावून. तिला असं हसताना किती वर्षांनी बघितलं!

१५ ऑगस्ट

हरिभाऊंना जाऊन सांगितलं: सातही वार माझ्याकडे लावा. घराला तेल लावणार नाही, ओसरीवर मी बसेन, बाकी साऱ्या ओळीनं खुशाल तेल लावावं. हरिभाऊंना आधी खरं वाटेना. म्हणाले, "सातही? मास्तर, सातही वार एका घरी म्हणजे ते वार नव्हेत, ते दत्तक घेणं झालं."

असेना का.

१७ ऑगस्ट

सत्कार! साती घरांतली मंडळी आमच्या ओसरीवर. हरिभाऊंनी भाषण केलं: "अन्नदान सगळे करतात, रक्तदान…" पुढं त्यांनाच हसू आलं. मारुतीरावांनी उठून मला नारळ दिला आणि उपरणं घातलं. डास जमायला लागले होते म्हणून मी ते लगेच काढलं. त्यांना वाटलं अपमान केला! अंबूनं समजावलं. जाताना मारुतीराव हळूच म्हणाले, "मास्तर, त्या दोन कौलांचं सोडून दिलं मी."

तेल ओळीत वाटलं. एक बाटली राहिली, ती माळ्यावर ठेवली. हंडा अंबूनं चिंचेनं घासून लख्ख केला आणि आत नेऊन ठेवला.

२६ ऑगस्ट

रोजचं झालं आता. दिवे लागले की मी सदरा काढतो, कंदील घेतो. अंबू खांबाला टेकते. डास येतात. आम्ही बोलतो. नोकरीत संध्याकाळची गाडी म्हणजे माझीच पाळी असायची. या वेळेला बायको काय करते हे मला एवढ्या वर्षांत माहीत नव्हतं. ती काही विशेष करत नाही. रस्त्याकडे बघते, कोण कुणाकडे गेलं ते सांगते, मधेच जुनं गाणं गुणगुणते आणि ओळ विसरली की थांबते. मला हे फार आवडलं आहे. उगाच का लपवू? फार आवडलं आहे.

अंग खाजतं. ती सकाळी लिंबाचा पाला वाटून लावते. "उद्या नका बसू." मी उद्याही बसतो.

३ सप्टेंबर

गणपती बसले. ओळीत कुणाला ताप नाही. अंबू ठणठणीत! डॉक्टर मोदक खायला आले होते. पोट तपासून म्हणाले, पानथरी उतरतेय. काय केलंत? मी पाठ वळवून दाखवली. त्यांनी हातातला मोदक खाली ठेवला. मग म्हणाले, "मास्तर, लोंढ्याचं नशीब टिळकवाडीत चालेलच असं नाही हो."

चालेल, चालेल!

६ सप्टेंबर

दुपारी कणकण. चारला हुडहुडी. दात वाजत होते. अंबूनं घोंगडी, वाकळ, चटई, सगळं अंगावर घातलं आणि वर स्वतः दाबून बसली.

लोंढ्याची गाडी शेवटी आलीच. लेट, पण आली.

७ सप्टेंबर

आज उतार आहे. म्हणजे उद्या परत. एक दिवसाआडचा दिसतो. डॉक्टर म्हणाले, क्विनीनसाठी हुबळीला निरोप धाडलाय, मिळेल ते मिळेल. आणि अंबूला म्हणाले, "तुम्ही यांच्या खोलीत बसू नका. यांना चावलेला डास तुम्हाला चावला तर संपलं." मीही बजावलं. मच्छरदाणी तिलाच दिली, तिच्या खोलीत. वर शपथ घातली. तिनं मान हलवली.

रात्री शेजारच्या खोलीत तिला झोप नव्हती. बांगड्या वाजत होत्या.

९ सप्टेंबर

कालचा ताप फार जोरात. मधेच डोळा उघडला तर खोलीत पाती चहाचा वास. वाटलं, भास. उशाशी अंबू. माळ्यावरची बाटली रिकामी, तिच्या हाताला, गळ्याला, कपाळाला तेल चोपडलेलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. म्हटलं, अगं, तुला सोसत नाही ना? म्हणाली, "कल्याणीला शेवटी पाती चहाचाच काढा देत होते. रात्रंदिवस. घरभर हाच वास होता. तुम्ही लोंढ्याला होता."

मग पदरानं नाक पुसलं. "माझं काही नाही. तुम्ही बरे व्हा. मी इथंच बसणार आहे."

बसली आहे. आत्ताही.